बचाव कागदावर उभा राहतो

पेरणीच्या तोंडावर तेरच्या शिवारात बांधावरून मारामारी झाली, असं समजू. माणसं काल्पनिक आहेत, पण प्रसंग दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात घडतोच. दोघे चुलतभाऊ, मधे हातभर रुंदीचा बांध, तो कुणी किती कोरला यावरून शिवीगाळ आणि मग काठ्या. धाकट्याच्या डोक्याला टाके पडले. ढोकी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला, थोरल्याला अटक झाली. आणि महिनाभरात थोरला गोरोबाकाकांच्या मंदिराजवळ चहा पिताना दिसला. गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, सुटला. दुसरा म्हणतो, वकिलानं सोडवला, पैसा असला की काय होत नाही!

दोघांचंही चुकतं. थोरला सुटलेला नाही, त्याचा खटला अजून सुरूसुद्धा झालेला नाही. न्यायालयाने एवढंच ठरवलंय की खटल्याचा निकाल लागेपर्यंत याला कोठडीत ठेवायची गरज नाही. त्याने मारलं की नाही, कशाने मारलं, कुठल्या हेतूने मारलं, हे अजून कुणी तपासलेलंच नाही. फौजदारी प्रक्रियेत हे दोन प्रश्न वेगवेगळ्या वेळी, बरेचदा वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे येतात आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवरून दिली जातात.

बचावाचा वकील नेमकं काय करतो हे समजून घ्यायचं तर या कागदांचा माग काढावा लागतो. सिनेमात वकील शेवटच्या पाच मिनिटांत भाषण ठोकतो आणि खटला फिरतो. प्रत्यक्षात ते भाषण करण्याजोगं काही हातात राहील का, हे पहिल्या काही दिवसांत कागदावर काय आलं आणि काय यायचं राहिलं यावर ठरतं. गावाकडे मात्र वकील शोधला जातो तो शेवटी. आधी ओळखीचा पुढारी, मग ठाण्यातला ओळखीचा माणूस, आणि काहीच जमेना झालं की वकील.

‘३०७ लागलं’ म्हणजे काय लागलं?

१ जुलै २०२४ पासून तीन जुने कायदे गेले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ होतं, ते आता १०९ झालं. लोकांच्या तोंडी अजून ३०७ आहे, आणि ते आणखी वीस वर्षं तरी राहील.

आपल्या प्रसंगात पोलिसांपुढे पर्याय अनेक आहेत. साधी दुखापत म्हटली तर कलम ११५(२), शिक्षा फार तर एक वर्ष, गुन्हा जामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, तो कुणाच्या मर्जीवर नसतो. पण फिर्यादीत ‘जीवे मारण्याच्या उद्देशाने कुऱ्हाड डोक्यात घातली’ असं वाक्य आलं की कलम १०९ लागतं, आणि दुखापत झालेली असेल तर त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. टाके तितकेच, डोकं तेच, पण एका वाक्याने सगळा रस्ता बदलतो: जामीन कुणापुढे मागायचा, पोलिसांना तपासाला किती दिवस मिळणार, खटला कुठल्या न्यायालयात चालणार.

म्हणून वकील पहिल्यांदा फिर्याद मागवतो आणि तिच्याशेजारी डॉक्टरांचा दाखला ठेवतो. फिर्यादीत कुऱ्हाड आहे. दाखल्यात जखम कापलेली आहे की फाटलेली? धारदार पात्याची जखम कापलेली असते, काठीची सहसा फाटलेली. पण डोक्याची कातडी कवटीवर ताणलेली असते, त्यामुळे बोथट वस्तूचा फटकासुद्धा तिथे कापल्यासारखी जखम करू शकतो. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या काही धड्यांत शिकवतात. वकिलाला ते ठाऊक नसेल, तर काठीची कुऱ्हाड होते आणि तशीच राहते.

भाऊबंदकीच्या भांडणात बहुधा उलट फिर्यादही असते. थोरल्यालाही मार लागलेला असतो, पण अटकेच्या धांदलीत त्याच्या हातावरचा वळ कुणी लिहून घेत नाही. आठ दिवसांनी वळ गेला की तो कधीच नव्हता, असं होतं. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी कायद्याने सक्तीची आहे. त्या तपासणीत ही नोंद करून घेणं हे बचावाचं पहिलं काम. ते करायला बुद्धिमत्ता लागत नाही, कुणीतरी वेळेवर तिथे असावं लागतं.

अटकेची रात्र आणि दुसरा दिवस

राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक झालेल्याला अटकेची कारणं सांगावीत, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं. तेरच्या आरोपीसाठी ते दंडाधिकारी धाराशिवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या अपिलात आणखी पुढे जाऊन सांगितलं की ही कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. लगेच शक्य नसेल तर निदान दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या दोन तास आधी.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तर अटक हा नियम नाहीच. पोलिसांनी आधी नोटीस देऊन बोलवावं आणि अटक करायचीच असेल तर ती का, हे लिहून ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. ‘नोटिशीवर सोडलं’ असं गावात ऐकू येतं, ते हेच. त्यात कुणाची मेहेरबानी नसते.

दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा उभं करतात, त्याला बोलीभाषेत रिमांड म्हणतात. इथे दोनपैकी एक गोष्ट होते. पोलीस कोठडी मिळाली तर आरोपी पोलिसांच्या ताब्यात राहतो आणि चौकशी चालू राहते, ही पीसीआर. न्यायालयीन कोठडी मिळाली तर तो कारागृहात जातो, ही एमसीआर. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच संपायची. नव्या संहितेत तेच १५ दिवस गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. बचावाच्या दृष्टीने हा बदल साधा नाही. एमसीआर झाली म्हणून निश्वास टाकावा, तर आठवड्याने पोलीस पुन्हा ताबा मागायला हजर.

रिमांडच्या वेळी दंडाधिकारी विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? शेजारी पोलीस उभा असताना बहुतेक आरोपी ‘नाही’ म्हणतात. वकील असेल तर हा प्रश्न खरा प्रश्न होतो. पोलीस कोठडी कशासाठी हवी, काठी तर आधीच जप्त झाली, मग आणखी काय काढायचं राहिलं, असं तो विचारतो, आणि न्यायालयाला त्यावर आदेशात कारण लिहावं लागतं.

२६/११ च्या खटल्यातल्या अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे आणतात तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. ज्या माणसाचं कृत्य सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिलं, त्याच्या खटल्यातून हा नियम पक्का झाला आणि आज तो शेळीचोरीच्या आरोपीलाही लागू आहे.

┌──────────────
चौकट: घरच्यांनी काय करावं
अटक झाली की ती कुठल्या ठाण्याने, किती वाजता केली, हे लिहून ठेवा. २४ तास तिथून मोजतात. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. फिर्यादीची प्रत मागा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळते. अंगावर मार असेल तर तो डॉक्टरांच्या आणि दंडाधिकाऱ्यांच्या कागदावर येईल असं पाहा. वकील लावायची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० हा क्रमांक फिरवा. कोठडीतल्या माणसाला हा वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही नाही.
└──────────────

जामीन कशाला?

हा प्रश्न नेहमी चुकीच्या टोकाने विचारला जातो: आरोपीला जामीन का द्यावा? कायदा उलट विचारतो: ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याला आत का ठेवावं? ठेवायचं तर कारण लागतं. तो पळून जाईल, साक्षीदारांना धमकावेल, पुरावा नष्ट करेल, पुन्हा तसंच करेल, किंवा गुन्ह्याचं स्वरूपच इतकं गंभीर आहे की बाहेर सोडणं धोक्याचं. यांपैकी काय आहे, हे न्यायालय तपासतं.

जामिनाचा खरा उपयोग काय, हे मराठी माणसाला लोकमान्य टिळकांच्या उदाहरणावरून चटकन कळेल. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचा जामीन खालच्या पायरीवर नाकारला गेला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. आरोपीला आपल्या बचावाची तयारी करता यावी, हा त्यामागचा मुद्दा. तेव्हा टिळकांसाठी जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ च्या खटल्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवर तेच दावर बसले होते, जामीन मागायला महंमद अली जिना उभे होते, आणि दावरांनी जामीन नाकारला. जामिनाचा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर असतो असं म्हणतात, त्यात हेही आलं.

आपल्या थोरल्याचं काय? कलमाची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणून दंडाधिकारी सहसा जामीन देत नाहीत. अर्ज जातो धाराशिवच्या सत्र न्यायालयात. तिथे तपास अधिकाऱ्याचं ‘म्हणणं’ मागवतात, सरकारी वकील विरोध करतात. बचावाचा वकील सांगतो: हत्यार जप्त झालं, जखमी घरी परतला, आधीचा एकही गुन्हा नाही, माणूस शेती सोडून जाणार कुठे? न्यायालय जामीन देतं आणि अटी घालतं. दर रविवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. बांधाच्या भांडणात कधी कधी दोषारोपपत्र येईपर्यंत गावातच पाऊल टाकायचं नाही, अशीही अट येते आणि ऐन पेरणीत ती शिक्षेसारखी लागते. सत्र न्यायालयाने नाकारला तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं. अटकेची नुसती भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज थेट सत्र किंवा उच्च न्यायालयात करतात. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यात त्याला बंदी आहे.

आदेश झाला तरी माणूस बाहेर येतोच असं नाही. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो, ऐपत दाखवावी लागते. ज्याच्या कुटुंबात कुणाच्याच नावावर जमीन नाही, तो आदेश हातात घेऊन आत राहतो. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला परमुलखात जाणाऱ्यांना हा प्रश्न दुहेरी भेडसावतो: गुन्हा तिकडे, जामीनदार इकडे. मोती राम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या. तरीही ‘लोकल जामीनदार आणा’ हे आजही ऐकायला मिळतं. अशा वेळी वकिलाने हा निकाल पुढे करून जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या हमीवर, सोडण्याची मागणी करायची असते.

दिवस मोजणारा वकील

पोलिसांना तपास पूर्ण करायला अमर्याद वेळ नाही. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही आणि आरोपी आत असेल, तर त्याला जामीन मिळण्याचा पक्का हक्क तयार होतो. गुन्हा कितीही गंभीर असो.

मात्र हा हक्क मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत मागावा लागतो. ९१ व्या दिवशी सकाळी अर्ज दिला तर जामीन. दुपारपर्यंत रेंगाळलात आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर हक्क संपला. मोजणी कधीपासून, यावरही वाद होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की रिमांडचा पहिला दिवसही धरायचा. एका दिवसाचा हा फरक कुणाला किरकोळ वाटेल. आत बसलेल्याला वाटत नाही.

मडकं वाजवून पाहणं

दोषारोपपत्रासोबत सगळे कागद आरोपीला फुकट मिळतात: फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, डॉक्टरांचा दाखला. खुनाच्या प्रयत्नाचा खटला दंडाधिकारी सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात. आरोपाला आधारच नसेल तर खटल्याआधीच आरोपमुक्तीचा अर्ज करता येतो. बहुतेक वेळा तो फेटाळला जातो आणि आरोप निश्चित होतात. मग साक्षी सुरू होतात.

सरकारी वकील साक्षीदाराला विचारतात तो सरतपास. त्यानंतर बचावाचा वकील विचारतो तो उलटतपास. उलटतपास म्हणजे काय, हे तेरकरांना सांगायला नको. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारलं आणि कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं, ही कथा तिथल्या पोरासोरांनाही पाठ. मडकं भाजलंय का, हे नुसतं पाहून कळत नाही, वाजवल्यावर कळतं. साक्षीदाराचंही तसंच. तो खोटारडा आहे असं गृहीत धरून वकील प्रश्न विचारत नाही. निदान चांगला वकील तरी नाही. तो एकेका वाक्यावर थापटणं मारतो.

न्यायालयात साक्षीदार म्हणतो, ‘कुऱ्हाडीने मारलं.’ वकील त्याचा पोलिसांपुढचा जबाब काढतो. त्यात काठी आहे. आता हा फरक साक्षीदाराला दाखवून त्याचं उत्तर नोंदवायचं, आणि पुढे जबाब लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या उलटतपासात तो सिद्ध करायचा. दुसरी पायरी विसरली तर पहिली वाया जाते. पोलिसांनी नोंदवलेला जबाब स्वतःहून पुरावा ठरत नाही. साक्षीदाराची विसंगती दाखवण्यापुरताच तो वापरता येतो. म्हणूनच साक्षीदार फितूर झाला की सरकारी पक्षाची अडचण होते: पोलिसांना आधी काय सांगितलं, ते दाखवून उपयोग नसतो.

वाईट उलटतपास कसा असतो? एक प्रश्न जास्त विचारला जातो. ‘तुम्ही इतक्या अंधारात ओळखलं कसं?’ असं वकील तोऱ्यात विचारतो आणि साक्षीदार सांगतो, ‘ट्रॅक्टरचा दिवा चालू होता ना, साहेब.’ दिवा फिर्यादीत नव्हता, पंचनाम्यात नव्हता. बचावाच्या वकिलाने तो स्वतःच खटल्यात आणला. निष्णात वकिलांचा उलटतपास अनेकदा आखूड असतो, तो यामुळे.

‘पोलिसांपुढे कबूल केलंय त्यानं’ हे वाक्य गावात निकालासारखं उच्चारलं जातं. न्यायालयात त्याची किंमत जवळजवळ शून्य. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद एकच: त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग. ‘कुऱ्हाड कडब्याच्या गंजीत लपवली, काढून देतो’ असं म्हणून त्याने ती खरोखर काढून दिली, तर तो पंचनामा बोलतो. म्हणून बचावाचं लक्ष पंचांवर असतं. पंच कोण, त्यांना बोलावलं कधी, गंजी उघड्या रानात होती की कुलपात, कुऱ्हाड मोहोरबंद केली का? नव्या संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. ते असेल तर पाहायचं, नसेल तर का नाही ते विचारायचं.

कागदाचा एक तुकडा काय करू शकतो, हे २६/११ च्याच खटल्यात दिसलं. कसाबसोबत दोन भारतीयांवर आरोप होता की हल्ल्याच्या ठिकाणांचा नकाशा त्यांनी पुरवला. तो नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या विजारीच्या खिशात मिळाल्याचं सरकारी पक्षाचं म्हणणं. विजार रक्ताने माखलेली. नकाशा मात्र स्वच्छ, डाग नाही. विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच निकालात या दोघांना निर्दोष सोडलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनी ती सुटका कायम ठेवली. दोघांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी निकालापूर्वीच, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, कुर्ल्यात स्वतःच्या कार्यालयात गोळ्या घालून मारले गेले होते.

वकील कुणाचा?

‘गुन्हेगाराचा वकील’ हा शब्दप्रयोग सरसकट वापरला जातो. गुन्हेगार कोण, हे निकालाच्या दिवशी ठरतं. वकील त्याच्या किती तरी आधीपासून लागतो. भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात की आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव करावा. मोठा गुन्हा घडला की ‘याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असे ठराव वकील संघ करतात आणि त्याच्या बातम्याही कौतुकाने छापल्या जातात. असे ठराव बेकायदा आणि निरर्थक आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. मला हे ठराव भाबडे वाटतात. वकील नसलेल्या आरोपीला झालेली शिक्षा अपिलात टिकवणं अवघड असतं, म्हणजे ठराव करणारे आरोपीचंच काम सोपं करतात.

सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाबद्दल लोकांचा ग्रह चांगला नाही, आणि तो सगळा निराधारही नाही. तुटपुंज्या मानधनावर, एकेका प्रकरणापुरते नेमलेले, बहुतेकदा नवखे वकील, अशी वर्षानुवर्षं स्थिती होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षांच्या अनुभवाचाच वकील द्यावा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची योजना आणली. हे वकील पगारी असतात आणि खासगी प्रकरणं घेत नाहीत. सरकारच्या बाजूने जसं सरकारी वकिलांचं कार्यालय, तसं आरोपीच्या बाजूनेही असावं, हा त्यामागचा विचार.

अपील: जे लिहिलंय तेवढंच

समजा, थोरल्याला सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाची प्रत त्याला लगेच आणि मोफत मिळायला हवी. या हक्कामागे महाराष्ट्रातलं प्रकरण आहे. एम. एच. हॉसकोट यांना उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली, पण निकालाची प्रत हातात आली नाही आणि ते सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा शिक्षा भोगून झाली होती. १९७८ च्या त्या निकालात न्यायालयाने कैद्याला प्रत देणं आणि गरजूला अपिलासाठी मोफत वकील देणं बंधनकारक केलं. कैदी तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध अपील उच्च न्यायालयात, मुदत ६० दिवस. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात, मुदत ३० दिवस. निजामाच्या काळात तेरच्या माणसाचं वरचं न्यायालय हैदराबादला होतं. १९५६ नंतर मुंबईला गेलं. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं, तेव्हा ते मराठवाड्याच्या आवाक्यात आलं. अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा, असा अर्ज करतात. अपील सुनावणीला यायला वर्षं लागतात; स्थगिती नसेल तर अपील जिंकेपर्यंत शिक्षा संपलेली असायची. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं न्यायालयच अपिलापुरती मोकळीक देऊ शकतं.

अपिलात साक्षीदार पुन्हा बोलावत नाहीत. न्यायमूर्ती खालच्या न्यायालयाचे कागद वाचतात. उलटतपासात विचारलं नाही, ते तिथे विचारता येत नाही. थोरल्याच्या हातावरचा वळ दाखल्यात नसेल, तर खंडपीठासाठी तो नव्हताच. पण उलटंही घडतं. जे कागदात आहे आणि कुणी नीट वाचलेलं नाही, ते वर्षांनी सापडतं.

जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका वस्तीवर पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे तोच निर्णय मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही निर्दोष ठरले. कारण? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने तपासाच्या सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. सहा जणांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. फाशीची शिक्षा तीन न्यायालयांतून गेली, आणि चौघांना ओळखल्याची ती नोंद सगळा वेळ होतीच.

निर्दोष सुटका झाली तरी प्रकरण त्या दिवशी संपत नाही. सरकार अपील करू शकतं, पीडितही करू शकतो. म्हणून निकालाआधीच न्यायालय आरोपीकडून बंधपत्र लिहून घेतं: वरच्या न्यायालयाने बोलावलं तर हजर राहीन. ते सहा महिने लागू राहतं, आणि न्यायालयाने त्याला जामीनदार मागितला तर सातबारा घेऊन कुणाला तरी पुन्हा धाराशिवला जावं लागतं.